निळ्या शाईतली बोडी

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि कानातली नळी काढून त्यांनी ती गळ्यात अडकवली. "हृदय ठणठणीत आहे. सदरा घाला." जागेश्वर हेडाऊ टेबलावर उघडाच बसून राहिला. पौषातली थंडी खोलीत भरली होती, आणि ते गार लोखंड छातीवर जिथं जिथं टेकलं होतं तिथं तिथं अजून लहान लहान गोल जागा वेगळ्या जाणवत होत्या. डॉक्टर तरुण होते, या मोठ्या दवाखान्यात महिन्यापूर्वीच आलेले. त्यांनी काल काढलेला हृदयाच्या ठोक्यांचा नवा कागद टेबलावर ठेवला आणि जुना, घड्या पडून पिवळा झालेला, खिडकीशी धरून पाहिला. "हा तुमचाच आहे कशावरून? यावर नाव नाही, तारीख नाही." जागेश्वरच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तो कुठून तरी काढून आणवला होता आणि त्यावर बोट फिरवत म्हटलं होतं, जिना बंद, सायकल बंद, मीठ बंद. "त्या दिवशी चक्कर आली तेव्हा काय खाल्लं होतं तुम्ही?" "काही नाही जी. महाशिवरात्र होती." "पाणी?" "पाणी पण नाही." डॉक्टर हसले. त्यात वाईट काही नव्हतं, एखाद्या लहान मुलाचं उत्तर ऐकून हसावं तसे ते हसले, आणि त्या एवढ्याशा हसण्यात जागेश्वरचे अकरा महिने मावून गेले.

बाहेर आल्यावर त्याला आनंद झाला नाही. आधी वाटलं ते असं, की आपल्याजवळून काहीतरी काढून घेतलं. अकरा महिने तो छातीत काचेचं भांडं घेऊन फिरत होता. पायरी चढायची, बादली उचलायची, शिंकायचं, रागवायचं, हसायचं, सगळं त्या भांड्याला विचारून. दिवसातून शंभरदा मनगटावर बोट ठेवून तो आतले ठोके मोजायचा आणि एखादा उशिरा आला की पुढचा येईपर्यंत सगळं नागपूर थांबायचं. आणि आता म्हणे भांडंच नाही. फाटकाशी एक सायकलरिक्षावाला पुढे आला, "बसा काका." जागेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "नाही गा, मी पायी जातो." ते वाक्य कानावर पडलं आणि मग सुरुवात झाली. आधी तो जपून चालला, दुसऱ्याची सायकल घेतल्यासारखा. मग जरा लांब ढांगा टाकल्या. उन्हात संत्र्यांचे ढीग लागले होते, त्यांचा वास अचानक नाकात आला, सोललेल्या सालीचा तिखट उडणारा वास, आणि त्याला वाटलं हा वास अकरा महिने होता कुठं? लेंड्रा पार्कच्या बाजूने जाताना तो जवळजवळ धावत होता. मफलर सुटला होता. समोरून येणाऱ्या माणसांकडे तो इतकं रोखून, इतकं खुशीत पाहत होता की एका बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. छातीत धडधड होत होती, मोठी, भरपूर, आणि त्याने हात खिशातच ठेवले. मोजलं नाही.

तो पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. कोष्ट्याचा पोरगा, बापाच्या मागावर रेशमी काठाचे धागे जोडता जोडता बोटं इतकी हलकी झालेली, की पेनमधून शाईची रेघ केसासारखी उतरायची. बावीस वर्षं त्याने मेणकापडावर दुसऱ्यांनी मोजलेल्या टेकड्या, नाले, तलाव उतरवले होते. सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणाऱ्या त्या वळणदार रेषा, कंटूर, एकात एक बसलेल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. आजारानंतर त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावरून खाली, दप्तराच्या खोलीत आणलं होतं. त्या बुधवारी तो खाली बसलाच नाही. सरळ जिन्याकडे गेला आणि चढला. बेचाळीस पायऱ्या. वर पोचला तेव्हा धाप लागली होती आणि ती धापसुद्धा गोड होती. हेड ड्राफ्ट्समन मधुसूदन नकाशावरून मान वर करून बघतच राहिला. "अबे, तू वर? कोणं चढू देल्लं तुले?" "एक शीट पाहाची होती," जागेश्वर म्हणाला. खोटं नव्हतं ते. तिसऱ्या कपाटातली ती शीट त्याने ओढून काढली. मनसरच्या पुढे, जबलपूर रस्त्याच्या उजव्या हाताला एक टेकडी होती आणि टेकडीच्या माथ्याखाली, सहाव्या रेषेच्या आत, करंगळीच्या नखाएवढी एक बोडी, लहानसं तळं. मागल्या पावसाळ्यात त्यानेच काढलेली, निळ्या शाईने. बाजूला बारीक अक्षरात 'देवबोडी'. फाट्यापासून तुटक रेघेची पायवाट, दीड मैल. रेषा सहाच, म्हणजे चढ तीनशे फुटांचा. शाळेतली पोरंही चढतील. ती बोडी काढताना त्याच्या मनात आलं होतं, की एवढ्या उंचावर पाणी कसं थांबत असेल, आणि लगेच मनात आलं होतं की आपल्याला ते कधी दिसायचं नाही. आता त्याने त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. रविवारी, तो मनात म्हणाला. येत्या रविवारी.

घरी मात्र त्याने सांगितलं नाही. सांगणारच होता. तांडापेठेच्या गल्लीत वळेपर्यंत वाक्य तोंडात तयार होतं. त्याची बायको रुख्मिणी दारात सुपात तीळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं ते अकरा महिने पाहायची तसंच, आधी ओठांचा रंग, मग डोळे, मग चाल. "काय म्हणलं डॉक्टरानं?" आणि जागेश्वर म्हणाला, "गोळ्या चालू ठेवा म्हणे." ती "बरं" म्हणाली आणि उठून त्याच्यासाठी पाणी आणायला गेली. तो ओट्यावर उभा राहिला, घरात चोर शिरताना पाहिला आणि तो चोर आपणच निघालो, असा. कशासाठी बोललो हे? त्याला कारण ठाऊक होतं, फक्त त्याच्याकडे सरळ बघवत नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली पंचवीस त्यांनी चार शब्दांत काढली होती. तेल संपलं. आणतो. देवकीले पाहाले येऊन राहिले. बरं. तो तापट होता, ऑफिसातली कटकट घरी आणून ताटावर आपटायचा, आणि तिनं कधीचंच बोलणं आवरून घेतलं होतं, जसं कोणी वाळत घातलेलं लुगडं आवरून घेतं. मुलगी देवकी लग्न होऊन उमरेडला गेली तेव्हा घरात दोघं उरली आणि बापाच्या मागाचा रिकामा खड्डा. मग महाशिवरात्रीला तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला, आणि त्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून संध्याकाळी रुख्मिणी जवळ येऊन बसायला लागली. आधी नुसती बसायची. मग एक दिवस बोलली. लहानपणी पवनीला असताना ती चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढायची आणि भाऊ खालून रडायचे, हे तिने सांगितलं. कोणत्या मावशीने कोणाच्या लग्नात सगळे लाडू लपवले होते ते सांगितलं. तो ऐकत पडायचा. जोरात बोलायचं नाही, रागवायचं नाही, त्यामुळे दुसरं करायला काही नव्हतं. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती सहज म्हणून गेली, "पहिले पाच-सहा साल मले तुमची लय भीती वाटे." "अन आता?" "आता तुमची भीती कायची? आता तुमच्यासाठी वाटते." हे ऐकून तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, कारण डोळे भरले होते आणि ते हृदयाला चांगलं नसेल असं त्याला वाटलं होतं. दुखणं गेलं म्हणजे हेही जाईल. एवढंच होतं कारण. बापाचा माग बंद पडल्यावर घर जसं एकदम मुकं झालं होतं, तसं पुन्हा होईल.

पण अंगाला हे कारण कळत नव्हतं. अंग चार दिवस उधळलं होतं. गुरुवारी तो सुटलेल्या बसमागे धावला आणि दांडी पकडून चढला, कंडक्टरच्या शिव्या खात, आतल्या आत गदगदत. शुक्रवारी रुख्मिणी शेजारी हळदीकुंकवाला गेली तेव्हा त्याने विहिरीतून ओळीने सात बादल्या काढल्या, दोर हातात जळत होता, आणि नंतर अंगणातलं पाणी पुसून टाकलं. शनिवारी दाढी करताना आरशात त्याला एक माणूस दिसला, एकोणपन्नास वर्षांचा, गालावर साबण, आणि त्या माणसाला इतका हुरूप आला होता की वस्तऱ्याने कानाखाली कापलं. किती वर्षं उरली असतील आता? वीस? पंचवीस? मंगळवारपर्यंत तो महिन्यांत विचार करत होता. त्या वर्षांचं काय करायचं हेच सुचत नव्हतं, हातात एकदम मोठं कापड आलं आणि कुठून कापावं कळू नये तसं. त्याच संध्याकाळी त्याने जेवताना विषय काढला. "उद्या मी मनसरकडे जाऊन राहिलो. एक बोडी हाय टेकडीवर. मी काढली होती ते नकाशात." रुख्मिणीचा हात ताटातच थांबला. "टेकडी? तुमाले चढा लागते ते?" "लहानशी हाय. डॉक्टर म्हणला, थोडं चालाले हरकत नाही." हे दुसरं खोटं, पहिल्यापेक्षा सहज निघालं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी येते संगं," आणि फडक्यात गोळ्यांची बाटली, पाण्याची सुराही, भाकरी, वांग्याचं भरीत बांधण्याची तयारी करायला लागली, जणू एखाद्या लढाईची.

रविवारी सकाळी देवलापारच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. कामठी गेली, कन्हान नदीवरचा पूल गेला, धुक्यातून तुरीची पिवळी शेतं वर येत होती आणि जागेश्वर त्यांच्याकडे तोंड उघडं ठेवून पाहत होता. रस्ता त्याला पाठ होता. कुठं वळण, कुठं मोरी, कुठं मैलाचा दगड, सगळं त्याच्या हातून गेलेलं. पण नकाशात वास नसतो, शेकोटीचा धूर नसतो, रस्त्याच्या कडेला ऊन खात बसलेली माणसं नसतात. "ते पाहा," तो सारखा रुख्मिणीला म्हणत होता, "आता नाला येईन," आणि नाला आला की लहान पोरासारखा खूश होत होता. ती नाल्याकडे पाहायची आणि मग त्याच्या तोंडाकडे. तिच्या मांडीवर फडक्याचं गाठोडं होतं आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. फाट्यावर उतरले तेव्हा नऊ वाजले असतील. बस निघून गेल्यावर एकदम शांत झालं. पुढे सात-आठ घरांचं गाव, मग सागाचं रान, आणि रानाच्या वर ती टेकडी, ऊन पडलेली, अगदी साधी, कोणीतरी पोतं उपडं करून ठेवावं तशी. जागेश्वरने मान वर केली. सहा रेषा त्याला हवेत दिसायला लागल्या.

पहिली रेषा गावाच्या मागे, जिथं पायवाट शेत सोडून दगडात शिरते. दुसरी एका मोहाखाली. तो पायांनी मोजत होता, प्रत्येक पन्नास फुटांना आतून एक टाळी पडल्यासारखं होत होतं. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. घाम फुटला, मफलर काढला, कोट काढला, तो खांद्यावर टाकला. श्वास खोल, खालपर्यंत जात होता, जिथं अकरा महिने कोणी गेलं नव्हतं. पायांच्या पोटऱ्या तापल्या होत्या. एकदा वाट मोठ्या शिळेला वळसा घालून जात होती तर त्याने वळसा घेतला नाही, शिळेवर हात टेकून सरळ वर चढला आणि वर उभा राहून खाली पाहिलं. शेतं, रस्ता, रस्त्यावरून रेंगाळणारा एक बारका ट्रक. हे सगळं मी काढलंय, त्याला वाटलं, आणि काही पाहिलेलं नाही. "हळू जा नं!" खालून रुख्मिणी म्हणाली. तिचा श्वास चढला होता, ती वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. "तुमी असे पळून राहिले तं मी काय करू?" "ये वं, ये लवकर!" तो वरून म्हणाला. ती आली. त्याच्याजवळ येऊन आधी त्याचं कपाळ चाचपलं, घाम पुसला, मग सुराहीतून त्याला पाणी दिलं, आणि उरलेलं स्वतः प्यायली. आता सांगावं, त्याच्या ओठांवर आलं. पण वर अजून तीन रेषा होत्या आणि त्याला वाटलं, वर गेल्यावर.

चौथ्या रेषेच्या जवळपास वरून एक म्हातारी उतरत आली, डोक्यावर वाळल्या लाकडांची मोळी. वाट अरुंद होती म्हणून ती थांबली, मोळी एका फांदीला टेकवून उभी राहिली आणि दोघांना न्याहाळलं. नाव जनाबाई, खालच्याच गावची. हे तिने न विचारताच सांगितलं. "कुठून आले जी?" "नागपूरहून." "काम काय काढलं इकडे?" "काम काही नाही," जागेश्वर हसत म्हणाला. "बोडी पाहाले आलो." म्हातारीला हे फारच गमतीचं वाटलं. "बोडी पाहाले! अन बोडीत काय पाहाचं? पाणी हाय." मग तिची नजर रुख्मिणीच्या पायांवर गेली आणि तिचं हसू थांबलं. "अवं माय, अन तुमी शयरातल्या बाई अनवाणी? या गोट्यायत? चप्पल तुटली का?" "नाही," रुख्मिणी म्हणाली. "एक मागणं हाय देवाजवळ." "कोणासाठी?" रुख्मिणीने पदर सावरला आणि हनुवटी जराशी जागेश्वरकडे वळवली. म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, उघडे हात, खांद्यावरचा कोट, लाल झालेलं तोंड. "यायच्यासाठी?" ती म्हणाली. "हे तं हरणावाणी पळून राहिले!" आणि मोळी उचलून, अजून मान हलवत, ती उतरून गेली.

जागेश्वरने रुख्मिणीच्या पायांकडे पाहिलं. टाचांना भेगा होत्या, रुंद, काळ्या, भेगांत माती बसलेली. उजव्या अंगठ्यावर ओलं रक्त होतं; ठेच लागली होती कुठंतरी, बहुतेक तो शिळेवर उभा राहून देश पाहत होता तेव्हा. तळव्याची कड कातड्याची राहिली नव्हती, तिचं जोड्याचं चामडं झालं होतं. त्याने आठवायचा प्रयत्न केला, हिच्या पायात चप्पल शेवटी कधी पाहिली? आठवेना. जितकं मागे जावं तितके ते पाय रिकामेच दिसत होते, आणि तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. वैशाखात ती भाजी घेऊन यायची आणि दारातच थांबून पायांवर तांब्याने पाणी ओतायची, एक तांब्या, दोन तांबे, डोळे मिटून. त्याला वाटायचं, उकाडा आहे. नागपूरचा वैशाख, डांबर वितळून गाड्यांच्या चाकांना चिकटतं असा, आणि तो आतल्या खोलीत वाळ्याच्या पडद्यामागे मनगटावर बोट ठेवून पडलेला. रस्त्यातून दोघं जायची तेव्हा तो पाहायचा फक्त पुढे चढ आहे का. "कधीपासून?" त्याने विचारलं. "काय कधीपासून?" "चप्पल." "होऊन गेलं," ती म्हणाली. "तुमी पडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. चला आता, ऊन वाढून राहिलं." आणि ती पहिल्यांदाच त्याच्या पुढे निघाली. तो मागून चालत राहिला. पाचवी रेषा कुठं गेली ते त्याला कळलं नाही. पुढे ते दोन पाय उठत होते आणि पडत होते, दगडावर, काट्यावर, पानांवर, आणि प्रत्येक पावलाला त्याच्या आत, त्या ठणठणीत जागेत, काहीतरी लागत होतं. तरी, आणि याची त्याला लाज वाटली, अंगातला तो हुरूप काही कमी झाला नव्हता. उलट त्याला धार आली होती. जगणं असं चहूबाजूंनी अंगावर येत होतं, त्यातलं कोणतं बरं आणि कोणतं वाईट हे निवडायला वेळच नव्हता.

मग झाडं संपली आणि पाणी आलं. जागेश्वर उभाच राहिला. नखाएवढं काढलं होतं त्याने. हे पार त्या काळ्या कातळापर्यंत पसरलं होतं, निळं कुठं कुठंच, बाकी हिरवं, तपकिरी, आणि मध्ये एक झळझळीत पांढरा पट्टा, ज्याच्याकडे बघवत नव्हतं. एका अंगाला कमळाची पानं वाऱ्याने उलटत होती. बदकांचा एक थवा अगदी स्थिर बसला होता. त्याने काठ काढला होता एका रेघेने, इकडे जमीन आणि तिकडे पाणी. इथं अशी रेघच नव्हती. गवत, मग ओलं गवत, मग चिखलातलं गवत, मग पाण्यातलं गवत, आणि कुठून पाणी म्हणायचं ते पाण्यालाही माहीत नव्हतं. गार वारा घामावर आला आणि त्याला हसू फुटायला लागलं, छातीच्या तळातून, न थांबणारं. रुख्मिणी काठावर बसून गाठोडं सोडत होती. तिने आधी गोळ्यांची बाटली बाहेर काढली.

"ते ठेव," तो म्हणाला. "मले काही झालं नाही वं."

"थकले असान. घ्या नं एक."

"नाही. ऐक. मले काहीच झालं नाही. कधी झालंच नव्हतं. नव्या डॉक्टरानं पाह्यलं, तो जुना कागद माझा नव्हता. मी उपाशी होतो म्हणून पडलो. ठणठणीत हाय म्हणे."

रुख्मिणीच्या हातातली बाटली हातातच राहिली. तिच्या तोंडावर एक उजेड आला, सरळ, मोठा, आणि जागेश्वरने तो आयुष्यात एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. तो क्षणभरच टिकला. मग ती म्हणाली, "कधी म्हणला डॉक्टर?"

"बुधवारी."

"आज इतवार हाय."

"हो."

"गुरुवारी मी बाजारात गेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. "रस्त्यावर खडी टाकून राहिले होते. बारीक खडी, धारेची. काल रात्री दोनदा उठली मी, तुमचा श्वास पाहाले. अन तुमाले माहीत होतं. काहून नाही सांगतलं?"

त्याच्याजवळ बरीच कारणं होती, चार दिवस घासून गुळगुळीत केलेली. ती त्याने तिथंच सोडली. "तू बोलून राहिली होती माझ्याशी," तो म्हणाला. "हे अकरा महिने. मले वाटलं, मी बरा झालो तं बंद करशीन."

बदकं पाण्यात थोडी सरकली. "तुमी येडे आहा का?" रुख्मिणी म्हणाली. "बोलाले मले तुमचं दुखणं कायले लागते? तुमी ऐकून राहिले होते. सव्वीस सालात पहिल्यांदा तुमी ऐकून राहिले होते, म्हणून मी बोलत होती." तिने बाटली गवतात टाकून दिली आणि उठली. तोही उठायला लागला. "मागं येऊ नका माझ्या," ती म्हणाली, आणि काठाकाठाने चालायला लागली.

तो बसून राहिला. भाकरीचं फडकं अर्धं उघडं, मुंग्या येऊ लागलेल्या. ती लांब लांब जात होती, लुगड्याचा जांभळा रंग गवतात दिसायचा, कमळांच्या मागे जायचा, पुन्हा दिसायचा. ती थांबत नव्हती, मागे वळून पाहत नव्हती. परत फिरेल असं त्याला आधी वाटलं. मग कळलं की ती वळसा घालून पलीकडे निघाली आहे. तुमी ऐकून राहिले होते. एवढं सोपं होतं? त्याच्या हातात कागद आला असता आणि त्यावर ती पंचवीस वर्षं उतरवायला सांगितली असती, तर त्याने प्रत्येक रेषा चुकीच्या जागी काढली असती आणि खाली सुबक अक्षरात स्वतःचं नाव घातलं असतं. दुखण्याने त्याला काही दिलं नव्हतं. त्याने स्वतः फक्त तोंड मिटलं होतं. मग ते काय आजच, या उन्हात, ठणठणीत छाती घेऊन करता येणार नाही? हे मनात आलं आणि तो जागच्या जागी इतका उतावीळ झाला की गवत उपटायला लागला. तिला विचारायचं होतं. पवनीला चिंचेवर चढून काय दिसायचं ते कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या पाच सालांतल्या भीतीबद्दल विचारायचं होतं, सगळी, एक एक, कितीही वाईट असो. पण ती तिकडे होती, काळ्या कातळावर, अंगठ्याएवढी. बसली. पाय पाण्यात सोडलेले दिसत होते. बराच वेळ ती तशीच बसली. ऊन माथ्यावर आलं. पाण्यावरचा पांढरा पट्टा सरकत सरकत त्याच्याकडे आला आणि त्याला डोळ्यांवर हात धरून पाहावं लागलं, ती आहे की नाही.

मग ती उभी राहिली. पाण्यावरून तिचा आवाज आला, इतका मोठा की आधी त्याला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"या इकडे! काहून बसले तिथं?"

जागेश्वर उठला. चपला पायात सरकवल्या आणि काठाने भराभर चालायला लागला. पलीकडून लगेच दुसरी हाक आली, "हळू या! हळू!" ती हाक कातळावर आपटून परत आली, हळू, हळू, आणि दोघांनीही ती ऐकली. तो थांबला. तीही थांबली होती, एक हात वर केलेला. मध्ये सगळं पाणी. ती हसली की रडली ते इतक्या लांबून कळलं नाही. खांदे हलले एवढं दिसलं. मग तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"नाही! हळू नका येऊ!" ती ओरडली. "धावा! मले पाहू द्या! धावा!"

आणि जागेश्वर धावला. एक चप्पल पहिल्याच चिखलात राहिली, दुसरी त्याने स्वतःच फेकली. दगड बोचले, काटे लागले, बदकांचा थवा एकदम फडफडत उठला आणि डोक्यावरून गेला. छातीत घण पडत होते, कानशिलांत, गळ्यात, बोटांच्या टोकांत, तो हात पसरून, तोंड उघडून, एकोणपन्नास वर्षांचा, धावत होता. आणि पलीकडून ती कातळावर उभी राहून हातवारे करत ओरडतच होती, "अजून! अजून जोरानं!"